अंगाचा रंग कोणता? आपल्या चित्रांचा इतिहास आणि आपली जबाबदारी

एप्रिल लागला की आपल्या पोरापोरींचे हात चित्राकडे वळतात. ११ एप्रिलला जोतीराव फुले, १४ एप्रिलला बाबासाहेब. कुणी वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलने, तर कुणी मोबाइलच्या काचेवर बोटाने रमाई, सावित्रीमाई, महाडचे सत्याग्रही काढत असतो. यांतले बहुतेक जण कलाशाळेची पायरी चढलेले नाहीत. कुणी डिलिव्हरीचे काम करतो, कुणी नर्सिंग शिकते, कुणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासातून तासभर काढते. चित्र झाले की ते एकमेकांना दाखवतात. नुसते चित्र दाखवून थांबत नाहीत, ते कसे केले हेही सांगतात. कोणता ब्रश घेतला, सावलीचा लेअर कसा टाकला, डोळ्यांतली चमक शेवटी का द्यायची, सगळे मोकळेपणाने.

या देवाणघेवाणीत एक प्रश्न हमखास येतो. "अंगासाठी कोणता रंग घेतलास?" मग कुणीतरी आपला कलर कोड पाठवतो आणि दहा जण तोच वापरतात.

प्रश्न तांत्रिक वाटतो. पण अंगाचा रंग ठरवणे ही आपल्या देशात कधीच निव्वळ तांत्रिक गोष्ट नव्हती. नायकाला कोणता रंग द्यायचा, राक्षसाला कोणता, मोलकरणीला कोणता, याचे साचे आपल्या आधीच तयार झालेले आहेत. ते कुणी तयार केले हे माहीत नसेल, तर आपण बाबासाहेबांचे चित्र काढतानाही हात दुसऱ्याच्याच साच्यात फिरवत राहू. म्हणून हा लेख.

फोटोत रंग नाही

आपल्या महामानवांची जी छायाचित्रे आपल्यापर्यंत आली, ती जवळजवळ सगळी कृष्णधवल आहेत. सावित्रीमाई १८९७ मध्ये गेल्या, रमाई १९३५ मध्ये. त्यांच्या हयातीतला रंगीत फोटो असण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे कॅलेंडरवर, फ्लेक्सवर, घरातल्या तसबिरीत आपण जो रंग पाहतो, तो प्रत्येक रंग कुणीतरी निवडलेला आहे. कधी स्टुडिओत फोटोवर हाताने रंग चढवणाऱ्या कारागिराने, कधी छापखान्यातल्या माणसाने, कधी फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलाने.

"फोटोत जितके गडद दिसते तितका गडद रंग द्या" असा सल्ला काही जण देतात. तोही पुरेसा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काचेच्या प्लेटा आणि फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. आपल्या त्वचेत तांबूस-तपकिरी छटा असतात. अशा फिल्मवर त्या मुळापेक्षा गडद उमटतात, तर निळे कापड मुळापेक्षा फिकट उमटते. सर्व रंगांना प्रतिसाद देणारी फिल्म नंतर रुळली. त्यावर पुन्हा स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा उजळ आणि गुळगुळीत करत, ते वेगळेच. त्यामुळे १९२७ च्या फोटोतला करडा रंग हा त्वचेचा थेट पुरावा नसतो. त्यावरून उजेड कुठून येतो, गालाचे हाड कुठे आहे, कपाळावर किती आठ्या आहेत हे कळते. रंग मात्र आपल्यालाच ठरवावा लागतो.

मग तो ठरवताना आपल्या मनात कोणती चित्रे असतात?

अजिंठ्यापासून छापखान्यापर्यंत

आपल्या महाराष्ट्रातला मानवी त्वचेच्या रंगाचा सर्वांत मोठा जुना वारसा बौद्ध आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतली सर्वांत जुनी चित्रे दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि पहिल्या व सतराव्या लेण्यातली प्रसिद्ध चित्रे साधारण पाचव्या शतकातली. चित्रकारांपाशी रंग मोजकेच होते. गेरूचा तांबडा, पिवळी माती, काजळीचा काळा, हिरवट माती, चुन्यासारखा पांढरा आणि दूरवरून आलेला लाजवर्दी निळा. एवढ्यातून त्यांनी तांबूस, गव्हाळ, सावळी, काळी अशी किती तरी अंगे रंगवली. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीजवळची सावळी स्त्री दासी म्हणून दाखवलेली नाही, ती राजस्त्री आहे. सावळेपणा ही तिथे कुरूपतेची खूण नाही आणि दुष्टपणाचीही नाही. नाकाच्या दांड्यावर आणि ओठावर पांढऱ्याचा हलका हात देऊन त्यांनी काळ्या चेहऱ्याला जी गोलाई दिली, तीच गोष्ट आज आपली मुले "हाइलाइट" म्हणून शिकतात.

मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. तिथले जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन या चित्रांच्या नकला करून घेतल्या. काम वर्षानुवर्षे चालले. त्यांतल्या अनेक नकला लंडनला पाठवल्या आणि १८८५ च्या आगीत त्या जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांच्या नकलाही १८६६ मध्ये लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. मूळ चित्रे भिंतीवर राहिली, पण सामान्य माणसाच्या घरात अजिंठा पोहोचला नाही.

घरात पोहोचला तो राजा रविवर्मा. १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपरला त्यांचा छापखाना सुरू झाला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या ताब्यात आला. दगडावरून एकेक रंग स्वतंत्र छापून देवदेवतांची स्वस्त चित्रे निघाली आणि ती घराघरात, दुकानादुकानांत लागली. गोरी, भरल्या अंगाची, जरीचे लुगडे नेसलेली लक्ष्मी आणि सरस्वती म्हणजेच 'सुंदर स्त्री', हा साचा या छपाईने देशभर पक्का केला. रविवर्म्यांच्या हातातल्या कसबाबद्दल वाद नाही. पण छापखाना एकच चेहरा लाखो भिंतींवर नेतो, तेव्हा तो चेहरा चित्र न राहता नियम होऊन बसतो. कॅलेंडरे आली ती याच वाटेने. आपल्या रमाईच्या तसबिरी काढणाऱ्यांपुढेही बाजारात हाच नमुना होता.

लहान मुलांपर्यंत हा नियम 'अमर चित्र कथा'ने नेला. १९६७ पासून अनंत पै यांच्या संपादनाखाली निघालेल्या या पुस्तकांत देव निळे, ऋषी आणि राजे गोरे, आणि असुर-राक्षस काळे, आडदांड, सुळेवाले, अशी सरसकट विभागणी दिसते. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त दशावताराच्या कथा उलट्या करून दाखवल्या होत्या. राक्षस म्हणजे रक्षण करणारे, बळी म्हणजे आपला राजा, हे त्यांनी मांडले होते. त्यानंतर शंभर वर्षांनीही रंगाची बाटली मात्र जुन्याच हातात होती. याच मालिकेत १९७९ मध्ये बाबासाहेबांवरही अंक निघाला. बाबासाहेब मालिकेत आले, पण शेजारच्या अंकांतले राक्षस काळेच राहिले.

शाळेतही तेच. तैलरंगांत 'फ्लेश टिंट' नावाची ट्यूब मिळते, म्हणजे मांसाचा, अंगाचा रंग. ती गुलाबीसर फिकट असते. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने खडूचे 'फ्लेश' हे नाव १९६२ मध्येच बदलून 'पीच' केले. आपल्याकडची मुले मात्र आजही तसलाच फिकट खडू उचलून "स्किन कलर दे" म्हणतात. मागणाऱ्या मुलीचा स्वतःचा हात त्या खडूपेक्षा चार छटा गडद असतो! मोबाइलच्या इमोजींना वेगवेगळे त्वचारंग मिळाले ते २०१५ मध्ये. तोपर्यंत पिवळा हाच सर्वांचा रंग मानला जात होता.

उलटा साचा हाही साचाच

इथपर्यंत वाचून काही मित्र म्हणतील, मग सोपे आहे, आपण आपली माणसे काळी आणि त्यांची माणसे गोरी रंगवू. गेल्या काही वर्षांत अशी चित्रे भरपूर येतात. भावना मी समजू शकतो, पण हा मार्ग बाबासाहेबांचा नाही.

बाबासाहेबांनी जातीचे मूळ वंशात शोधणारा सिद्धान्त स्पष्टपणे नाकारला. १९३६ च्या 'जातिव्यवस्थेचे उच्चाटन' या भाषणात त्यांनी दाखवले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच आहेत, आणि मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परैयाही तसेच. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात तर त्यांनी नाकाच्या मोजमापांची आकडेवारी मांडून अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे असल्याचा दावा खोडून काढला. जात अंगावर दिसत नाही. ती लादावी लागते, विचारून काढावी लागते, नियमांनी टिकवावी लागते. अस्पृश्यता ही निसर्गाने नव्हे तर माणसांनी केलेली आहे, म्हणूनच ती मोडता येते. आपण जातीला त्वचेचा रंग दिला, तर ती पुन्हा निसर्गाच्या हवाली करतो.

याचा सर्वांत मोठा पुरावा बाबासाहेबांच्या स्वतःच्या बालपणात आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी १९०१ चा मसूर स्टेशनचा प्रसंग सांगितला आहे. वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघालेली ही मुले स्टेशनवर उतरली. न्यायला कुणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने चौकशी केली. त्याला ही मुले ब्राह्मणाची वाटली होती. कारण अंगात नवे इंग्रजी पद्धतीचे सदरे, डोक्यावर चमकदार टोप्या, पायांत नवे बूट, रेशीमकाठी धोतरे. "आम्ही महार" हे शब्द ऐकल्यावर त्याचा चेहरा बदलला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. पुढे गाडीवानानेही मुलांसोबत बसून गाडी हाकायला नकार दिला. दुप्पट भाडे घेऊन मुलांनाच गाडी हाकायला लावली.

हा प्रसंग काढणारी डझनभर रेखाचित्रे माझ्या पाहण्यात आली. बहुतेकांत लहानगा भीमराव फाटक्या कपड्यांत, अनवाणी, काळवंडलेला आणि रडवेला असतो. स्टेशनमास्तर गोरा, शेंडीवाला, दुष्ट डोळ्यांचा. चित्र काढणाऱ्याचे प्रेम खरे आहे, पण चित्राने घटनेचा अर्थच पुसला. स्टेशनमास्तरला जात दिसली नाही, ती त्याला विचारून कळली. मुलगा नीटनेटका होता, पैसे देऊ शकत होता, पाणी मागत होता, आणि तरीही त्याला पाणी मिळाले नाही. हीच तर जातीची भयानकता आहे. फाटके कपडे दाखवले की पाहणाऱ्याला वाटते प्रश्न गरिबीचा होता. काळा-गोरा भेद दाखवला की वाटते प्रश्न रंगाचा होता. प्रश्न जातीचा होता!

म्हणून पात्राचे स्केच करताना आधी वाचा. या मुलाच्या डोक्यावर चमकदार टोपी आहे, हे एक वाक्य वाचलेला हौशी चित्रकार, न वाचलेल्या कसबी चित्रकारापेक्षा खरे चित्र काढतो.

वेगळी वाट चालणारे

साच्याबाहेर पडता येते, हे दाखवणारी माणसे आपल्याकडे आहेत. 'भीमायन' हे पुस्तक २०११ मध्ये आले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड कलावंतांनी याच मसूरच्या प्रसंगासह बाबासाहेबांचे अनुभव चितारले. त्यांनी चौकोनी चौकटी नाकारल्या. गोड बोलणाऱ्याच्या शब्दांना पक्ष्याच्या आकाराचे फुगे दिले आणि विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी लावली. दुष्टपणा कुठे ठेवला ते पाहा. कातडीत नाही, बोलण्यात. हा निव्वळ कलेचा नव्हे, विचाराचा विजय आहे.

नागपूरचे सवी सावरकर यांनी अस्पृश्याच्या कमरेचा झाडू आणि गळ्यातले मडके कॅनव्हासवर आणले. मालविका राज यांनी मधुबनी शैलीत बुद्ध आणि बाबासाहेब आणले, ज्या शैलीत पिढ्यान्‌पिढ्या राम-सीताच निघत होते. 'बेकरी प्रसाद' या नावाने काम करणारे सिद्धेश गौतम यांच्यासारखे कलावंत डिजिटल माध्यमातून आपला इतिहास तरुणांच्या फोनपर्यंत पोहोचवत आहेत. २०१५ पासून एप्रिलमध्ये साजरा होणारा दलित इतिहास महिनाही अशा चित्रांनी भरलेला असतो.

परदेशातही शिकण्यासारखे आहे. ज्या ब्लॅक पँथर पक्षावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर हे नाव घेतले गेले, त्या पक्षाच्या वर्तमानपत्राची चित्रे एमरी डग्लस काढत. पैसा कमी म्हणून काळ्या शाईसोबत बहुधा एकच रंग. त्यांनी जाड ठसठशीत रेषा वापरल्या आणि सामान्य कृष्णवर्णीय बाया-माणसांना चित्राचे नायक केले. चित्रकार केरी जेम्स मार्शल तर माणसे खरोखरच्या काळ्या रंगात रंगवतात. पण एक काळा नव्हे. हाडांच्या कोळशापासूनचा, काजळीचा आणि लोहभस्माचा असे निरनिराळे काळे ते घेतात आणि त्यांत निळा, हिरवा, जांभळा मिसळतात. काळा म्हणजे रंगाचा अभाव, ही समजूतच त्यांनी मोडीत काढली.

टिप्स वाटणे ही साधी गोष्ट नाही

ज्या समाजाला अक्षर शिकण्याची बंदी होती, त्याला कुंचलाही सहज मिळालेला नाही. कसब घराण्यात, जातीत, गुरूच्या मर्जीत बंद असे. एकलव्याची गोष्ट आपल्याला पाठ आहे. नंतर कलाशाळा आल्या, पण फी, कॅनव्हास, रंग आणि मुंबईतला खर्च कुणाला परवडणार? आपल्या वस्त्यांत भिंतीवर बाबासाहेब रंगवले ते दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांनी. त्यांची नावे कुठल्याही कलेच्या इतिहासात नाहीत. खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिनसोबत चित्रकला शिकायला घेतली होती, हेही आपण पोरांना सांगत नाही.

आज कमी किमतीचा मोबाइल आणि 'क्रिटा' किंवा 'आयबिस पेंट'सारखे फुकट मिळणारे प्रोग्रॅम हाती आहेत. एका गावातली मुलगी आपल्या सावलीच्या लेअरची युक्ती दुसऱ्या गावातल्या अनोळखी मुलाला सांगते आणि अंगठा मागत नाही. हे मला आंदोलनाचेच काम वाटते. म्हणून हे काम अधिक नेमके व्हावे यासाठी, या मुलांकडूनच शिकलेल्या चार गोष्टी इथे मांडतो.

एक, कुणाचाही 'स्किन कोड' तसाच उचलू नका. मधली छटा आधी ठरवा, मग सावली आणि उजेड त्यावरून काढा. आपल्या आईचा, आजीचा हात उन्हात धरून पाहा. त्याहून चांगला नमुना कुठल्याही पॅलेटमध्ये नाही.

दोन, सावलीसाठी नुसता काळा मिसळू नका, चेहरा राखेसारखा होतो. सावळ्या त्वचेच्या सावलीत तांबडा किंवा जांभळट रंग घ्या आणि मल्टिप्लाय लेअरवर हळूहळू चढवा. गडद त्वचेवर उजेड अधिक ठळक चमकतो, आकाशाखाली तो किंचित निळसरही असतो. कान, बोटांची टोके, कोपरे यांचा रंग वेगळा असतो.

तीन, मधूनमधून चित्र कृष्णधवल करून मूळ फोटोशेजारी ठेवा. उजेड-सावली जुळली तर चेहरा जुळतो. चेहरा जुळवण्यासाठी गोरेपणाची गरज नसते.

चार, प्रतीक आणि पुरावा वेगळे ठेवा. बाबासाहेबांचा निळा कोट हे आपले प्रतीक आहे. त्याचे नाते १९४२ च्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निळ्या झेंड्याशी आहे. तो अभिमानाने रंगवा. पण रमाईच्या अंगावर बनारसी शालू आणि चेहऱ्यावर गुलाबी गाल हे प्रतीकही नाही आणि पुरावाही नाही, ते कॅलेंडर आहे. जिने गोवऱ्या थापून संसार ओढला, तिच्या हातांवर ते श्रम दिसू द्या. त्याने रमाई लहान होत नाही.

आता यंत्राचा साचा

हे आत्ताच सांगण्याचे कारण आहे. जुन्या फोटोला एका बटणात रंग देणारे प्रोग्रॅम आले आहेत, आणि शब्द लिहिले की आख्खे चित्र बनवणारेही. यंत्राला मूळ रंग ठाऊक नसतो. त्याला दाखवलेल्या असंख्य चित्रांवरून ते अंदाज बांधते. ती चित्रे कुणाची? ज्यांची छापली गेली, ज्यांची साठवली गेली त्यांची. म्हणजे छापखान्याचा साचा यंत्राच्या पोटात गेला आहे. गेल्या जयंतीला फिरलेली यंत्रनिर्मित चित्रे आठवा. पिळदार दंडाचे, चकाकत्या कातडीचे, सिनेमातल्या हिरोसारखे बाबासाहेब, मागे सोनेरी प्रभामंडळ. चष्म्यामागचे थकलेले, जागरणाने सुजलेले डोळे गायब. ज्यांनी आयुष्यभर विभूतिपूजेला विरोध केला, त्यांनाच आपण अवतार करून टाकतो आहोत.

यंत्र वापरूच नका असे मी म्हणत नाही. पण हाताने काढणाऱ्या हौशी पोरापोरींना "यात काय, यंत्र दोन सेकंदांत करते" असे कुणी म्हणाले, तर त्याला सांगा की यंत्राने मसूरचा प्रसंग वाचलेला असला तरी समजून घेतलेला नाही. ते आपल्यालाच करायचे आहे.

या वर्षी एक गोष्ट करू या. प्रत्येक चित्राखाली तीन ओळी लिहू या. चित्र कोणत्या फोटोवरून किंवा मजकुरावरून केले, त्यातले काय माहीत होते आणि काय आपण ठरवले. अंगाचा रंग आपण ठरवलेला असेल, तर तसे स्पष्ट लिहा. तीनच ओळी, पण उद्या आपल्या चित्रांवरून कुणी आपला इतिहास शिकेल तेव्हा त्याला तसबीर कुठे संपते आणि पुरावा कुठे सुरू होतो हे कळेल. आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहिला, ही तक्रार आपण बराच काळ केली. आता रंगाची बाटली आपल्या हातात आहे, तर ती डोळे उघडे ठेवून वापरू या.

जय भीम! नमो बुद्धाय!